ताई, पुरुषांना व्हायग्रा आहे, बायकांसाठी तशी गोळी नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. कोथरूडला आमचं मेडिकल आहे, काउंटरवर मी असते, आणि गर्दी ओसरली की हा प्रश्न हमखास येतो.

औषधं आहेत, पण तशी नाहीत. व्हायग्रा 1998 ला अमेरिकेत आली, ती रक्तप्रवाहावर काम करते, मग कंपनीने तीच जवळपास 3000 बायकांवर ट्राय केली आणि 2004 ला नाद सोडला, कारण रक्तप्रवाह वाढला म्हणून संबंधांची इच्छा वाढते असं बायकांमध्ये काही दिसेना. नंतर फ्लिबान्सेरिन. आधी डिप्रेशनसाठी बनवलेलं, तिथे चाललं नाही, मग इच्छा कमी असलेल्या बायकांसाठी आणलं, एफडीएने (अमेरिकेत औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) दोनदा परत पाठवून 2015 ला मंजूर केलं. रोज झोपताना एक गोळी घ्यायची आणि फायदा किती, तर प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, महिन्याला सरासरी अर्धा ते एक समाधानकारक संबंध जास्त. दारूसोबत घेतली तर बीपी पडून चक्कर येऊ शकते, आणि हे तपासायला जी टेस्ट केली त्यात 25 माणसं, त्यातल्या बायका फक्त 2! औषध बायकांचं ना? मला आजही राग येतो. 2019 ला ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शन आलं, संबंधांच्या 45 मिनिटं आधी स्वतः टोचायचं, त्यात 40 टक्के बायकांना मळमळ.

माझं मत विचाराल तर नव्या गोळीच्या आधी चालू गोळ्या बघा. मध्ये एक काकू आल्या होत्या, पिशवीतून सगळ्या स्ट्रिप्स काढून काउंटरवर मांडल्या, बीपीची, थायरॉईडची आणि एस्सिटालोप्राम. म्हटलं काकू ही तिसरी कधीपासून? तर म्हणाल्या, अगं तेव्हापासूनच तर हे सगळं सुरू झालंय. या जातीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी इच्छा कमी होते हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही. (गोळी मनाने बंद करू नका हं, डॉक्टर डोस किंवा औषध बदलून बघतात.) आणि पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखत असेल तर इच्छा कुठून होणार, त्याला इस्ट्रोजेनची क्रीम मिळते, साधी, जुनी, डॉक्टरांनी लिहून दिली की आमच्याकडेही असते.

डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसेल तर कागदावर लिहून न्या, कधीपासून, दुखतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि सरळ त्यांच्या हातात द्या.