अठरा पूर्ण झाली का?

बारावीच्या वर्गात काल रक्तदानाचा विषय काढला. मागच्या बाकावरून लगेच, "सर, दुखता काय?" दुखतं, मुंगी चावल्याइतकं. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या वेळी सुईपेक्षा तो निळ्या पाण्याचा ग्लासच जास्त लक्षात राहिला. मोरचुदाच्या त्या द्रावणात बोटाचा थेंब सोडला, तो तरंगला असता तर हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं असतं. बुडाला. मीही जवळजवळ बुडालोच, कारण फोंड्याहून कदंबा बसमध्ये बसून उपाशीपोटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचलो होतो! घेरी आली, नर्सबाईंनी पाय वर करून झोपवलं. तेव्हा पोरांनो, आधी पेज-भाजी खा, पाणी प्या.

अट साधी आहे: वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम (दर 100 मिली रक्तात). सतरा वर्षांच्यांनी चुळबुळ करू नये, घरच्या मोठ्यांना घेऊन यावं. दान केलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साठवल्यावर जेमतेम 5 दिवस टिकतात, म्हणून वर्षातून एकदाच मोठं शिबिर भरवून भागत नाही.

तास संपल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझा वाढदिवस पुढच्या शुक्रवारी."