आमची वाटचाल: कात्रण आणि हिशेब

शिवणकाम येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात आणि त्यांना नगावर मजुरी देणारे ठेकेदारही पुष्कळ असतात. आमचा उद्योग या दोहोंच्या मधल्या जागेत उभा राहिला. तयार कपड्यांच्या कारखान्यात बेतणीनंतर उरणारे कात्रण विकत घ्यायचे, त्याच्या पिशव्या आणि अभ्रे शिवायचे व आसपासच विकायचे, एवढाच मूळ विचार होता. कच्चा माल स्वस्त असला तरी काम सोपे नाही. आटणारे कापड आधी धुऊन, उभा-आडवा धागा पाहून, सारख्या जाडीचे तुकडे एकत्र लावले नाहीत, तर पहिल्याच धुण्यात शिवण ओढली जाते आणि पिशवी तिरकी होते.

त्याहून अवघड होती ती किंमत ठरवणे. दोरा, सुया, वीज, यंत्राची झीज हे सारे प्रत्येकीने चोख मांडले आणि स्वतःच्या वेळेचा रकाना कोरा ठेवला. घरात जे काम आयुष्यभर फुकट धरले गेले, त्याचे मोल कागदावर लिहायला हात धजत नव्हता. म्हणून बेतणीपासून घडी घालण्यापर्यंतचा वेळ आधी लिहायचा आणि बाकीचा खर्च नंतर, असा नियम आम्ही केला. भाव वाढले, काही गिऱ्हाइके गेली. ती जाणारच होती.

एका मोठ्या खरेदीदाराची मागणी आम्ही नाकारली, कारण पैसे 90 दिवसांनी मिळणार होते. इतकी उधारी म्हणजे शिवणाऱ्या बाईने खरेदीदाराला बिनव्याजी भांडवल पुरवणे, आणि तेवढे दिवस घर चालवायला तिने सावकार गाठला, की मजुरी व्याजातच जाते. त्यापेक्षा रोखीने घेणारे जवळचे छोटे ग्राहक बरे. ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या संस्थापक इला भट्ट यांनी मांडलेला, मूलभूत गरजा शंभर मैलांच्या परिघात भागवण्याचा विचार आम्हाला पटला, तो मुख्यतः पैसा लवकर हाती येतो म्हणून. त्यांच्याच ‘सेवा’ संघटनेतील 4,000 स्त्रियांनी 1974 मध्ये प्रत्येकी 10 रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली होती.

मजुरी आम्ही प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावरील खात्यातच भरतो, संयुक्त खात्यात नाही. त्यावरून काही घरांत कुरबुर झाली, तरी नियम बदलला नाही.

सध्या वाद आहे तो यंदाच्या नफ्याचा. त्यातून कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या शिवणारे आणखी एक ओव्हरलॉक यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे. बहुमत मात्र तूर्त वाटपाच्या बाजूने दिसते.