आमची वाटचाल: तुटायचंच तर कुठे तुटावं

मासेमारीच्या रिग बांधून विकायचा आमचा धंदा, त्याची सुरुवात एका सुटलेल्या गाठीने झाली. होडी खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, उभी होती, आमिष तळाला होतं आणि गळाला लागलेला मासा चांगलाच जड होता. निम्म्यापर्यंत वर आला आणि दोरी एकदम सैल पडली. ओढून बघितलं तर टोकाला गळ नव्हता, नुसतं स्प्रिंगसारखं वेटोळं होतं. दोरी घासून तुटली असती तर टोक खरखरीत आणि विस्कटलेलं दिसलं असतं. वेटोळं याचा अर्थ गाठ सरकत सरकत सुटली. रिग, म्हणजे दोरी, गळ आणि शिसं यांची बांधलेली जोडणी, विकतची, तयार होती. घरी येऊन त्याच पाकिटातल्या उरलेल्या सहा रिग उघडल्या आणि एकेक गाठ हाताने ओढली. दोन माझ्यासमोर सरकल्या.

त्या रात्रीपासून मी स्वतःची रिग स्वतः बांधायला लागलो. तळाच्या मासेमारीची साधी दोन गळांची रिग, दुसरं काही नाही. वर स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी), मध्ये गळांसाठी दोन फास, खाली शिसं. बरोबरीचे लोक होडीवर बघायचे आणि म्हणायचे, "दादा, एक दे ना, पुढच्या वेळी परत देतो." परत कुणी दिली नाही, पण पुढच्या वेळी दहा मागितल्या. मग बायको म्हणाली, "आता वहीत लिहायला लागा." धंदा उभा राहिला तो त्या वहीवर.

सगळा जीव त्या फासात असतो, म्हणून तो नीट सांगतो. तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीचा, एक मोठा वेढा करायचा, दोन्ही पदर जिथे एकमेकांवर येतात तिथे पाच-सहा पिळ द्यायचे, पिळांच्या बरोबर मधली फट बोटाने उघडी ठेवायची आणि वेढ्याचा समोरचा भाग त्या फटीतून बाहेर काढायचा. तो दातात धरून दोन्ही टोकं सावकाश ओढायची. फास दोरीला काटकोनात उभा राहिला पाहिजे. आडवा पडला तर पिळ दोन्ही बाजूंना सारखे बसलेले नाहीत, असं समजावं. आणि ओढण्याआधी गाठ ओली करायची. हे सांगून सांगून आमचा घसा बसला आहे. कोरडा तंगूस आवळताना घर्षणाने तापतो आणि तेवढ्या जागी त्याची ताकद जाते, वरून मात्र गाठ सुरेख दिसते. बायकोने पहिल्या दिवसापासून शेजारी पाण्याची वाटी ठेवली. आज आमच्याकडे चार जणी गाठी बांधतात आणि चौघींच्या हाताशी वाटी असतेच.

मापं आम्ही चुका करून शिकलो. सुरुवातीला दोन फास जवळजवळ ठेवायचो, वाटायचं की आमिष एका जागी असलेलं बरं. पाण्याला जरा ओढ असली की दोन्ही गळ एकमेकांत अडकून वर यायचे. आता रिग साधारण दीड मीटरची असते, फास १२-१५ सेंटिमीटरचे आणि दोघांमध्ये ५० सेंटिमीटरचं अंतर. दोन्ही फास एकमेकांच्या दिशेने ताणले तरी टोकाला टोक लागत नाही, एवढा हिशेब पाळला की बस. गळ फासात ओवायचा, वेगळी गाठ मारायची नाही. फासाचं टोक गळाच्या डोळ्यातून घालायचं आणि गळावरून उलटवून ओढायचं. म्हणजे बोथट झालेला गळ होडीवरच बदलता येतो.

पहिली मोठी तुकडी आमच्या हातून वाया गेली, तीही चांगल्या हेतूने. प्रत्येक रिग खाऱ्या पाण्याच्या बादलीत भिजवून, ताणून बघितली, पुसली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली. तीन आठवड्यांनी परत आलेल्या पाकिटांत गळांच्या डोळ्यांभोवती तांबूस कडं पडलेलं होतं. मीठ धुतलं गेलं नव्हतं आणि आत ओल होती. तेव्हापासून विकायची रिग आम्ही खाऱ्या पाण्यात बुडवत नाही. दर वीस नगांतला एक बाजूला काढतो, रात्रभर गोड्या पाण्यात ठेवतो आणि सकाळी स्प्रिंगच्या काट्याला लावून तुटेपर्यंत ओढतो. ओलाच ओढायचा, कारण नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर त्याची ताकद उतरते. कोरड्यावर घेतलेला आकडा समुद्रात उपयोगाचा नाही.

नायलॉनऐवजी फ्लुरोकार्बनची दोरी का वापरत नाही, असं बरेच जण विचारतात. वापरतो, पण सगळीकडे नाही. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, तो पाण्याच्या जितका जवळ तितकी दोरी कमी दिसते) १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या पुढे. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं हे खरंच आहे. ते पाणी पीत नाही आणि घासण्यालाही चांगलं टिकतं. पण ताठ असतं, फास बांधताना पिळ नीट बसत नाहीत आणि गाठ घाईत आवळली तर दगा देते. शिवाय खोल, गढूळ पाण्यात तळाशी उजेडच कमी, तिथे दिसण्या-न दिसण्याला किती महत्त्व द्यायचं? उथळ, नितळ पाण्यासाठी जी सरकत्या शिशाची रिग करतो, तिचा शेवटचा पाऊण मीटर फ्लुरोकार्बनचा ठेवतो. तिथे ते शोभतं.

पण धंद्याला दिशा मिळाली ती खडपावर. हेकरू हा खडपातला मासा आमिष घेतो आणि पहिल्याच झटक्यात कपारीत शिरतो, म्हणून दोरी जाड लागते. आम्ही ०.९० मिलिमीटरची घेतो, साधारण ३५ किलोच्या जोराची. पण दोरी जाड झाली की दुसरं दुखणं सुरू होतं. शिसं दगडात अडकलं तर ते सुटत नाही आणि तुटतही नाही, शेवटी तुटते ती वरची मुख्य दोरी. मग गळ, फास, स्विव्हल, कधीकधी लागलेला मासासुद्धा खाली राहतो. गळात अडकून तळाला मरणारा मासा ही कल्पना मला झोपू देत नव्हती. उपाय जुनाच आहे, मासे मारणारे कितीतरी लोक तो करतात: शिसं रिगला थेट न बांधता बारीक तंगुसाने बांधायचं. आम्ही ०.४५ ची, साधारण १० किलोच्या जोराची दोरी वापरतो. शिसं अडकलं तर तेवढंच जातं, बाकी सगळं हातात येतं. रिग कुठेतरी तुटणारच असेल तर ती जागा आपण आधी ठरवायची, हे तिथे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यानंतरची प्रत्येक रिग आम्ही त्याच प्रश्नापासून आखली.

याच गोष्टीने एकदा छातीत धडकी भरवली. एका गिऱ्हाइकाने होडीवरची ती रिग किनाऱ्यावरून फेकायला घेतली. रॉड मागे नेऊन जोरात फेक केली आणि बारीक दोरी हवेतच तुटली. पावशेराचं शिसं सुटलं ते आडवं गेलं. पाण्यात पडलं, कुणाला लागलं नाही. त्यांनी रागाने फोन केला आणि त्यांचा राग रास्त होता, कारण पाकिटावर आम्ही काहीच लिहिलेलं नव्हतं. आता होडीच्या रिगच्या पाकिटावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं: फेकण्यासाठी नाही. किनाऱ्याच्या रिगला शिसं पूर्ण ताकदीच्या दोरीने असतं, आणि तळ वाळूचा असेल तर पिरॅमिडच्या आकाराचं, कारण ते वाळूत रुतून बसतं. खडपात तेच कपारीत फसतं, तिथे गोलसर शिसं बरं.

शिसं आम्ही स्वतः ओतत नाही. ते ३२७ अंशांना वितळतं, साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन उसळतं, आणि त्याची धूळ-धूर घरात नको. तयार आणतो आणि हात धुतल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही.

गळ मात्र आम्ही बदलले. आता बहुतेक रिगना गोल वळणाचा सर्कल गळ असतो. तो गिळला गेला तरी बाहेर येताना जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून सोडायचा मासा जिवंत सुटण्याची शक्यता जास्त. याला झटका द्यायचा नसतो, नुसतं दोरी गुंडाळत राहायचं. जुन्या लोकांना हे जड जातं, हात आपोआप वर जातो. स्टेनलेसचे गळ घेत नाही. दोरी तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला तर तो गंजून झिजायला हवा.

खोल पाण्यातल्या माशाचं अजून एक दुखणं आहे. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वरच्या हवेचा एक धरून ३० मीटरवर तो चौपट होतो, तिथून मासा भराभर वर काढला तर त्याच्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट फुगू पाहतो. डोळे बाहेर, पोट तोंडातून बाहेर. असा मासा वर सोडला तर तरंगत राहतो आणि मरतो. त्यासाठी आम्ही एक साधी जोडणी देतो: उलटा काटा नसलेला, उलटा बांधलेला गळ आणि खाली जड शिसं. मासा तिच्यावर खाली उतरवायचा आणि तळाजवळ एक झटका देऊन मोकळा करायचा. ती आम्ही नफ्यासाठी विकत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून प्रत्येक पाकिटात ६० सेंटिमीटर मोकळा तंगूस आणि फास बांधायची चित्रं टाकतो. "असं केलंत तर लोक स्वतःच बांधतील, तुमच्याकडे कशाला येतील?" असं एका पुरवठादाराने विचारलं. बांधावीच. ज्याने स्वतः गाठ बांधली आहे, त्याला आमची गाठ तपासता येते.

मागच्या महिन्यात एका मुलाने स्वतः बांधलेली पहिली रिग पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "काका, तुमच्या काट्यावर लावून बघा." रात्रभर भिजवली, सकाळी वरचा स्विव्हल खिळ्याला आणि शिसं काट्याला लावलं. चौघीजणी भोवती उभ्या. सहा किलो, आठ किलो, नऊच्या थोडं पुढे आणि टप्. दोन्ही फास काटकोनात जसेच्या तसे उभे होते. तुटली होती ती शिशाची बारीक दोरी.