वीस अंशांचं पाणी

आमचा धंदा मोटार वाइंडिंगचा. अमळनेरात दुकान आहे, आणि वर्षातले निम्मे दिवस शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडण्यात जातात. भंगारवाला महिन्यातून एकदा तांब्यासाठी चक्कर मारतो. जानेवारीत तो आला तेव्हा त्याच्या गोणीत चामड्याचं एक डबडं होतं. कुठल्यातरी वाड्याचा माळा रिकामा करताना त्याला मिळालेलं. म्हणाला, "भाऊ, हाई देखा बरं, आंदर मोटर शे का?"

मोटार नव्हती. आत होता चावीचा सिनेकॅमेरा, स्विस बनावटीचा बोलेक्स, मुठीत मावेल एवढा पण हाताला चांगला जड. बाजूला घड्याळासारखी चावी. चारशे रुपये दिले. कापसाचा व्यापार करणाऱ्या कोणा शेठजींचा असावा, कारण डबड्यात एका जिनिंगची जुनी पावती घडी करून ठेवलेली होती.

चावी फिरायची पण कॅमेरा चालायचा नाही. हा रोग मला ओळखीचा होता. ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, चार स्क्रू काढल्यावर दिसलंच. स्पिरिटने धुतलं, शिलाई मशीनच्या तेलाचे सुईने दोन थेंब दिले आणि कॅमेरा कुर्रर्र करत सुटला. एकदा पूर्ण चावी दिली की अर्धा मिनिट चालतो. सेल नाही, वायर नाही. आमच्याकडे ज्या दिवशी भारनियमन त्या दिवशीही चालतो, हे मला फार आवडलं.

पुढची चूक मात्र अडाणीपणाची. आमच्या धंद्यात गेज म्हणजे तांब्याच्या तारेची जाडी. एक गेज चुकलं तर मोटार जळते. पण फिल्मलाही गेज असतं आणि तिथेही तितकंच चालत नाही, हे डोक्यात आलं नाही. "8 एमएम फिल्म" एवढं विचारून मुंबईहून एक डबी मागवली, साडेचार हजारांना. आली ती सुपर 8 ची, काळ्या प्लास्टिकची बंद पेटी. माझ्या कॅमेऱ्यात ती शिरायला जागाच नव्हती.

मग वाचत बसलो. घरगुती सिनेमासाठीची 8 एमएम कोडॅकने 1932 साली काढली. तेव्हा मंदी होती आणि फिल्म महाग. म्हणून 16 एमएम रुंदीची 25 फूट फिल्म घ्यायची, अर्ध्या रुंदीवर चित्रं घेत शेवटापर्यंत जायचं, मग रीळ उलटवून उरलेल्या अर्ध्यावर परत चित्रं घ्यायची. धुतल्यावर मधोमध उभी चिरून दोन पट्ट्या जोडायच्या, झाली 50 फूट. कमी मालात जास्त काम, हा हिशेब मला पटला. सुपर 8 आली 1965 साली. तिची भोकं बारीक, चित्र मोठं आणि सगळं पेटीत बंद, म्हणजे हातात धरायला काही नाही. दोघी 8 एमएमच, पण एकीची भोकं दुसरीच्या दात्यांना लागत नाहीत.

जुन्या पद्धतीची फिल्म अजून बनते. चेक देशातली फोमा कंपनी फोमापान आर 100 नावाची काळी-पांढरी फिल्म बनवते आणि ती दुहेरी 8 एमएमच्या रिळावर मिळते. ओळखीच्या एकाचा भाचा जर्मनीहून येणार होता, त्याने चार रिळं आणली. ही रिव्हर्सल फिल्म. म्हणजे निगेटिव्ह नाही, तीच फिल्म धुवून सरळ पडद्यावर टाकायची.

हिशेब असा. एका फुटात 80 चित्रं. 25 फुटांत 2000. सेकंदाला 16 चित्रांच्या वेगाने एक बाजू दोन मिनिटं पाच सेकंद, दोन्ही बाजू मिळून चार मिनिटं दहा सेकंद. चार रिळं म्हणजे सतरा मिनिटांचाही सिनेमा नाही. त्यातलं पहिलं रीळ शिकण्यात जाणार हे धरूनच चाललो होतो. शिकण्यात दोन गेली.

पहिला झगडा उन्हाशी. फोटोवाल्यांचा जुना नियम आहे, कडक उन्हात 100 च्या (म्हणजे उजेड टिपायच्या ताकदीच्या आकड्याच्या) फिल्मला भिंगाचं 16 चं छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग. छिद्राचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. पण सेकंदाला 16 चित्रं घेणाऱ्या माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राला साधारण पस्तिसावा भाग मिळतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट उजेड. छिद्र 27 च्या आसपास हवं. भिंगावरचा शेवटचा आकडा 22. मार्चमध्ये बोरी नदीच्या वाळवंटात काढलेली सगळी चित्रं पांढरीफटक आली, बैलांचे नुसते पाय आणि सावल्या दिसतात. निगेटिव्ह फिल्म अशा चुका पोटात घालते, रिव्हर्सल घालत नाही. ज्या देशात हे कॅमेरे बनले तिथे ऊन हा पाहुणा असावा. आमच्याकडे तो घरजावई आहे. शेवटी भिंगाला काळी काच लावली, आणि सकाळी आठच्या आत किंवा सावलीत काढायचं असं ठरवलं. उजेड मोजायला मोबाइलमधलं अॅप. चावीच्या कॅमेऱ्यासाठी मोबाइल काढताना थोडी लाज वाटते, पण कॅमेऱ्यात मीटरच नाही.

(चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आलो होतो. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर देखावे मांडून फोटो काढायचे. माणसं त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगतात. मार्चनंतर मला वाटायला लागलं की उन्हाचा प्रश्न त्यांनीच बरोबर सोडवला होता.)

दुसरा झगडा पाण्याशी, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

काळी-पांढरी रिव्हर्सल फिल्म घरी धुता येते. क्रम असा: पहिला डेव्हलपर (चित्र उमटवणारं औषध), धुणं, ब्लीच, धुणं, साफ करणारं द्रावण, मग दिव्याखाली फिल्म धरायची, दुसरा डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), शेवटचं धुणं. पहिल्या डेव्हलपरमध्ये उलटं चित्र तयार होतं, ब्लीच ते खाऊन टाकतं आणि उरलेल्या चांदीतून सुलटं उभं राहतं. ब्लीचसाठी काय लागतं हे वाचलं तेव्हा हसू आलं. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे गावात विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे. आणि गंधकाचं आम्ल, म्हणजे बॅटरीवाल्याकडचं ॲसिड. दोन्ही आमच्या गल्लीत. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हातमोजे आणि खिडकी उघडी, एवढं पाळलं. साफ करायला सोडियम मेटाबायसल्फाइट, ते जळगावहून आणलं.

साधनासाठी मला बाहेर जावं लागलं नाही. कॉइल गुंडाळायच्या फॉर्म्यावर पीव्हीसीच्या पट्ट्या लावून फूटभर व्यासाचं ढोल केलं. दोन्ही टोकांचे फुकट वेढे धरून दहा मीटर फिल्म त्यावर अकरा वेढ्यांत बसते, आणि वेढ्याला वेढा चिकटू न देणं हे माझं रोजचंच काम. खाली पन्हाळीसारखं अर्धगोल भांडं, त्यात लिटरभर औषध, आणि ढोल हाताने फिरवायचं. अंधारात. रात्री दुकानाचं शटर ओढून, फटींना गोणपाट लावून.

सगळ्या कृतींमध्ये एक वाक्य असतं: पाणी वीस अंश. ते असं सहज लिहिलेलं असतं जणू नळ उघडला की येतंच. आमच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये दुपारी चाळीसच्या जवळ, मध्यरात्रीही तीसच्या खाली येत नाही. पहिल्या वेळी मी म्हटलं, पाणी गरम आहे तर वेळ कमी करू. डेव्हलपरपर्यंत जमलं. ब्लीचनंतर धुताना बोटांना सायीसारखं काहीतरी लागलं. दिवा लावून पाहिलं तर चित्राचा थरच फिल्मवरून सुटून पाण्यावर तरंगत होता. थर जिलेटिनचा असतो, परमँगनेट आणि आम्ल त्याला मऊ करतं आणि गरम पाणी उरलंसुरलं काम करतं. पंचवीस फुटांची स्वच्छ पारदर्शक पट्टी हातात राहिली. उत्तम धुतली गेली होती!

त्यानंतर मी पूर्ण रीळ धुवायचंच थांबवलं. हातभर तुकडा कापायचा, त्याच्यावर प्रयोग करायचा. असे नऊ तुकडे. पाण्यासाठी दोन नवे माठ आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळून गच्चीवर ठेवले. पहाटे चारला माठातलं पाणी चोवीसवर येतं. औषधांच्या बाटल्या बर्फाच्या टबात. बर्फ औषधात टाकायचा नाही, पातळ होतं, बाटली बर्फात ठेवायची. धुवायच्या पाण्यात मात्र टाकला तर चालतो. मच्छीवाल्याकडून बर्फाची लादी आणायला लागलो तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं मी पार्टी करतोय. माय एकदा पहाटे उठून शटरपाशी आली. "कसाले इतली मगजमारी? मोबाइलमा काढ ना." तिला काय सांगणार. मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं, एवढंच की एक मशीन चालू असताना त्याच्यासाठी माल नाही म्हणून ते बंद ठेवणं मला जमत नाही.

काढायचं काय, हे मात्र आधीपासून ठरलं होतं. आखाजी. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके, गौराईची गाणी, पितरांची घागर, आणि आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी. ही पोळी पोळपाटावर लाटून होत नाही. थोडी लाटली की दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत मोठी करायची, कोपरापर्यंत आली की उलट्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायची. माय अजून करते. हातांचं हे काम फोटोत येत नाही, ते हलतंच पाहावं लागतं.

सकाळी साडेसातला गावच्या घरी, अंगणात पत्र्याच्या सावलीत चूल. मीटरने 8 सांगितलं, छिद्र 8 वर. अर्ध्या मिनिटाची चावी, म्हणून मायला सांगावं लागलं की मी "हं" म्हटल्यावर पोळी उचल. ती म्हणाली पोळी माझ्या हंवर थांबत नाही. तिचं बरोबर होतं. दोन पोळ्या चावी देतानाच गेल्या. तिसरी मिळाली, हातावर घेतल्यापासून खापरावर पडेपर्यंत, चावी संपायच्या आत.

पहिली बाजू संपली की कॅमेरा उघडून रीळ उलटवायचं. फिल्मचे पहिले-शेवटचे काही वेढे त्यासाठीच फुकट सोडलेले असतात, पण ते सावलीपुरतं, आमच्या उजेडापुरतं नाही. मार्चमध्ये निंबाखाली उघडला होता तेव्हा कडेने सगळं जळालं होतं. यावेळी धान्याच्या कोठीच्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन बदललं. आतल्या उकाड्यात घामाचा थेंब फिल्मवर पडला. तो डाग अजून आहे, झोक्याच्या दृश्यात डावीकडे, एखाद्या ढगासारखा.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला धुतलं. पहिला डेव्हलपर बारा मिनिटं, थर्मामीटर एकवीस. ब्लीचनंतर बोट लावून पाहिलं, थर जागेवर. दिवा लावला, फिल्म दुधी पिवळी दिसते त्या वेळी. दुसऱ्या डेव्हलपरमध्ये ढोल फिरवताना ती हळूहळू काळी होत गेली आणि वेढ्यावेढ्यात नखाएवढे चौकोन उमटले. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने, कारण बोअरचं पाणी वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके सोडतं.

चिरण्याचं काम बाकी होतं. रेडिमेड चिरणी परदेशातून मागवायची तर कॅमेऱ्याच्या कितीतरी पट खर्च. सराफ बाजारातल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने पितळेच्या ठोकळ्यात बरोबर सोळा मिलिमीटरची खाच केली आणि मधोमध दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा बसवला. पैसे घेतले नाहीत, पण मापात केसभर चूक राहिली म्हणून दोनदा परत बोलावलं. केसभर म्हणजे खरंच केसभर. आठ एमएममध्ये केसभर चुकलं की प्रोजेक्टर फिल्म चावतो.

प्रोजेक्टर धुळ्याच्या एका फोटोग्राफरकडे बंद पडलेला होता. मोटार जळालेली. ती मी भरून दिली आणि त्या बदल्यात श्रावणापर्यंत वापरायला आणला.

कानबाईच्या सणाला सगळे जमले तेव्हा रात्री ओसरीत धोतर बांधून लावला. चार मिनिटांतली चांगली निघाली दोन मिनिटं चाळीस सेकंद. मायने स्वतःची पोळी पाहिली आणि पहिलं वाक्य बोलली की एका बाजूने जाड राहिली. पोरांना मात्र कळलं की या यंत्राला उलटं चालवायची कळ आहे. मग पोळी खापरावरून उठून हातांवर येते, हातांवर लहान लहान होत जाते आणि शेवटी गोळा होतो. सहा वेळा उलटं, सहा वेळा सुलटं. सातव्या वेळी जोड अडकला, फिल्म दिव्यासमोर थांबली आणि मधोमध तपकिरी फोड आला. कोणीतरी ओरडलं, "पोई जई गई!" तीन चित्रं कापून टाकली आणि पुन्हा जोडलं. पोळी आता किंचित उडी मारते.

उरलेलं एक रीळ फ्रीजमध्ये आहे, लोण्याशेजारी. त्याच्याखाली ती साडेचार हजारांची सुपर 8 ची पेटीही आहे, अजून न उघडलेली. तिला बसेल असा चालू कॅमेरा जिल्ह्यात कोणाकडे माळ्यावर पडला असेल तर दुकानात घेऊन या. सर्व्हिसिंगचे पैसे घेणार नाही, पेटी आपण अर्धी-अर्धी वापरू.