तारीख बायबलात नाही, तरी नाताळ का?

डिसेंबर आला की कुणी ना कुणी विचारतंच: येशूच्या जन्माची तारीख बायबलात कुठेच नाही, २५ डिसेंबर तर मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, मग तुम्ही ख्रिस्ती लोक नाताळ करताच कसा? विचारणाऱ्यांत आमच्यातलेही बरेच असतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

तारखेचं म्हणणं खरंच आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी जन्माची हकिकत फक्त मत्तय आणि लूक सांगतात. मार्क तर थेट येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो. सूर्यदेवाचं मात्र लोक ठासून बोलतात तितकं पक्कं नाही. इ.स. ३५४ च्या एका रोमन ग्रंथात २५ डिसेंबरला सूर्याचा जन्मदिवस नोंदलेला आहे आणि ख्रिस्ताचाही. कुणी कुणाचं उचललं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुसरी एक बाजू अशी, की ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चचा आणि गर्भधारणाही त्याच दिवशीची असं मानून पुढे नऊ महिने मोजले गेले. संत ऑगस्टिनने हा हिशेब लिहून ठेवलाय. मला हाच जास्त पटतो. पण उद्या तो चुकीचा ठरला तरी माझं काही बिघडत नाही. आर्मेनियन ख्रिस्ती आजही ६ जानेवारीलाच हा सण करतात, त्यांचा येशू काही वेगळा नाही.

मी नाताळ करते ते देव माणूस झाला म्हणून. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना सांगतो की तुमचा तारणारा जन्मला आहे, आणि ओळखायची खूण काय देतो? बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बाळ. राजवाडा नाही, पहारेकरी नाहीत. गुरांना वैरण घालायची जागा! मेंढपाळांना ती कुणी समजावून सांगावी लागली नसणार. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, गवत आणलं, बैल आणि गाढव उभं केलं आणि तिथेच मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, झाली. लोकांना ते दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. इतक्या जवळ आलेल्या देवासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

आता न करणाऱ्यांबद्दल. देवाने जे सांगितलं नाही ते उपासनेत आणू नये, असं प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडक प्रॉटेस्टंट, मानत. त्यातून १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ बंद केला, आणि १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लागला. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. दंड करणं मला साफ नामंजूर आहे, पण त्यामागची कळकळ खोटी नव्हती. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे काका नाताळ पाळत नाहीत. त्या दिवशी ते नेहमीसारखे कामाला जातात. आणि एकदा भर जून महिन्यात उपासनेत त्यांनी जन्माचाच अध्याय वाचायला घेतला आणि वाचता वाचता त्यांचा गळा दाटून आला. त्यांची भक्ती कमी, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो.

येशूचा प्रेषित पौल याने बायबलातल्या रोमकरांस पत्रात (अध्याय १४) हा वाद केव्हाच मिटवलाय. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखेच. ज्याची त्याची आपल्या मनाशी खात्री असावी, आणि पाळणाऱ्याने तो प्रभूसाठी पाळावा. माझी हरकत आहे ती या शेवटच्या अटीशिवाय होणाऱ्या नाताळाला. नुसती खरेदी, दारू आणि दणदणाट असेल तर त्यापेक्षा काकांचा कामाचा दिवस बरा.

‘मग आम्ही शुभेच्छा द्यायच्या की नाही?’ असंही विचारता. जरूर द्या. समोरचा पाळत नसेल तर तो सांगेल, आणि का पाळत नाही तेही त्याला विचारा. या विषयावर त्याच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं.