कर्टुल्याच्या मांडवात नर सापडेना

जुलैत एका काकांचा फोन, मॅडम कर्टुली पिवळी पडून गळतायत, फुलं तर बक्कळ आहेत. व्हॉट्सॲपवर पाच फोटो आले, मी बघितल्यासारखं केलं आणि फळमाशी असेल, सापळे लावा, बोरॉनची एक फवारणी घ्या असं सांगून मोकळी झाले. आठ दिवसांनी परत फोन, गळ तशीच. मग मात्र लाज वाटली आणि गाडी काढली.

दहा गुंठे, तारेचा मांडव एकदम झकास. पोचेस्तोवर सात वाजत आलेले, फुलं नुकती उमलत होती (कर्टुल्याचं फूल संध्याकाळीच उमलतं, वासही सुटतो). एक फूल उलटं करून बघितलं तर पाकळ्यांच्या खाली हरभऱ्याएवढं लवदार बाळ, म्हणजे अंडाशय, मादी फुलाची खूण. दुसऱ्याला बाळ. तिसऱ्यालाही. पाचव्या ओळीपर्यंत गेले तरी तेच, आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

भोपळा, दोडका, कारलं सगळी याच कुळातली, पण त्यांची नर आणि मादी फुलं एकाच वेलावर येतात. कर्टुल्याचं तसं नाही, नराचा वेलच वेगळा, परवलासारखं. म्हटलं काका, कंद कुठून आणले?

"डोंगरातनं. पण निवडून हां! श्रावणात ज्या वेलाला माल दिसला त्यालाच चिंधी बांधली, दिवाळीनंतर तेवढेच खणले. वांझ वेल एकपण आणला नाही."

आता काय बोलणार! बी लावलं असतं तर नर-मादी दोन्ही आले असते, पण कंदातून आईचीच नक्कल येते, मादीच्या कंदाला मादी वेल. आणि ते वांझ म्हणून सोडलेले सगळे नर. आठ-दहा माद्यांमागे एक नर लागतो, इथे अख्ख्या मांडवात पराग नावाला नाही.

मग मोबाईलच्या उजेडात बांधाबांधाने फिरलो आणि करवंदीच्या जाळीवर एक नर सापडला, कळीला पानाची वाटी आणि फुलाखाली नुसता बारीक देठ. दहा-बारा फुलं तोडली, पाकळ्या सोलून पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवायचे, बस एवढंच. काकू बॅटरी धरून हसतायत, "म्हणजे आता लग्नं पण आपणच लावायची!" त्यांच्याच शिवणाच्या डब्यातला लाल दोरा दहा फुलांना बांधून ठेवला.

पाच दिवसांनी काकूंचा फोटो आला. दोऱ्याची आठ फुगलेली, दोन गळाली (एकाला माझाच अंगठा जोरात लागला होता बहुतेक), बिनदोऱ्याची सगळी पिवळी. नंतर मी जुने पाच फोटो परत उघडून बघितले, प्रत्येक फुलाखाली बाळ स्पष्ट दिसत होतं.

काका सध्या डोंगरात वांझ वेलांना चिंध्या बांधत फिरतायत.