कालची भाकरी

सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करायचं म्हणजे मधुमेहाचे वयस्कर रुग्ण रोजचेच. त्यांच्यात मला भुलेपेक्षा जास्त छळते ती नंतरची उलटी. ती टाळायला सर्रास देतात ते डेक्सामेथासोन पडलं स्टिरॉइड, ते साखर चढवतं. मेटोक्लोप्रमाइडने म्हाताऱ्या माणसांना कधी झापड येते, कधी हातपाय थरथरतात. उरतं ऑन्डॅनसेट्रॉन, ते एकटं दरवेळी पुरत नाही. म्हणून आमच्याकडे काही रुग्णांना ऑपरेशनआधी मनगटावर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावतात. बिंदूचं नाव नेइगुआन, म्हणजे पी-६. मनगटाच्या घडीपासून रुग्णाची स्वतःची तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधे. अ‍ॅक्युपंक्चरचे बाकीचे पुष्कळ दावे मी ऐकून सोडून देते. पण मळमळीसाठी या बिंदूवर बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि कॉक्रेन या, चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात तो खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला आहे. माझा विश्वास तेवढ्यापुरता.

त्या दिवशीच्या मावशी ७२ वर्षांच्या. साखर वीसेक वर्षांची, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. आदल्या तपासणीत पोटाचं विचारलं तर, "पित्त हाय जरा, म्हातारपणी असतंयच की," म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ७.८, ईसीजी ठीक. नाडी मात्र निवांत पडल्यावरही ९८. सकाळी साखर १८४, म्हणजे चालण्यासारखी. रात्री आठनंतर पोटात अन्न नाही, असं सिस्टरनी लिहिलेलं.

आमच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या ताई वॉर्डात सुया लावत होत्या. मुलगा शेजारी उभा. त्याने आधी विचारलं, "सुया लावल्यावर आईचं इन्सुलिन बंद होईल ना?" ताईंनी साफ सांगितलं, "त्याचा ह्याचा काही संबंध नाही. डॉक्टर सांगतील तेवढं इन्सुलिन घ्यायचंच." मग तो म्हणाला, ही विद्या आपल्या कोटणीसांनीच भारतात आणली. सोलापुरात हे बरेच जण मानतात. पण चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ सालीच तिथे वारले, आणि तिथे ते शल्यचिकित्सक होते. अ‍ॅक्युपंक्चर इकडे आणलं ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, तेही कोलकात्याला.

सुया लावल्या की वीस मिनिटं तसंच पडून राहायचं असतं. ओपीडीत एवढा वेळ कुणाला मिळतो? ताई गप्पा मारत बसल्या. मावशींना ढेकर आला, तोंड वाकडं झालं.

"काय झालं, मावशी?"

"कालची भाकरी घशाशी आली बघा. शेंगाची चटणी पण. रोजचंच हाय, सकाळपातूर पोट दगडावानी असतंय."

ताईंनी मला थिएटरमधून बोलावून घेतलं. "मॅडम, बारा तास झाले तरी यांना जेवणाची चव येतेय."

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह खराब होते आणि जठर अन्न पुढे ढकलायला कंटाळतं. उपाशी राहण्याचे आपले नियम, साधं खाणं सहा तास, तेलकट आठ तास, हे सरळ चालणाऱ्या पोटासाठी आहेत. अशा पोटावर भूल दिली आणि अन्न उलटून श्वासनळीत गेलं, तर फुफ्फुसाचं जे होतं ते मी पाहिलेलं आहे. ती ९८ ची नाडीही बहुधा त्याच दुखण्यातली. हृदयाचा वेग आवरणारी नर्व्ह तीच.

सोनोग्राफीचं मशीन ओढत आणलं. मावशींना उजव्या कुशीवर वळवलं, प्रोब बरगड्यांच्या खाली टेकवला. रिकामं जठर चपटं दिसतं. इथे ते फुगलेलं होतं आणि आत दुधी काचेसारखा धूसर पसारा. पाणी असं दिसत नाही, हे घट्ट अन्न होतं. सर्जनना पडद्यावर दाखवलं. ते आधी वैतागले, लिस्ट कोलमडत होती, पण बघितल्यावर एका वाक्यात म्हणाले, "आज नको."

मुलाला समजावणं अवघड गेलं. "उपाशी ठेवली की वो रात्रभर!" त्याचं चुकत नव्हतं.

पुढच्या तारखेआधी फिजिशियननी औषधं बदलली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फक्त पातळ: पेज, ताक, डाळीचं पाणी. लिस्टमध्ये पहिला नंबर. परत सोनोग्राफी केली, जठर रिकामं. तरी मी पोट भरलेलं आहे असं धरूनच भूल दिली, श्वासनळीत नळी झटपट घातली. डेक्सामेथासोन टाळलं. दोन्ही मनगटांवर सुया होत्या, ऑन्डॅनसेट्रॉनही दिलं. संध्याकाळी थोडं मळमळलं, उलटी नाही. साखर १७२.

ताई म्हणतात, सुयांनी काम केलं. मी म्हणते, एका रुग्णावरून काहीच म्हणता येत नाही, ऑन्डॅनसेट्रॉनही होतंच की. हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. आता मधुमेहाचा वयस्कर रुग्ण आला की पित्त आहे का असं मी विचारत नाही. "काल काय जेवलात, आणि आज ढेकर कशाचा येतोय?" असं विचारते. उत्तरं फार मोकळी येतात.